‘रानडे’ची साठ वर्षं, तळवड्यातून बघताना

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलंय तिचं. म्हणाली, "मामा, मी रानडेला अर्ज करणार आहे. पप्पांना तू सांग ना जरा. ते म्हणतात, पत्रकारितेत आता राहिलंय काय, ज्याच्या हातात मोबाईल तो पत्रकार."

दाजींना काही पटवून देणं मला आजवर एकदाही जमलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर तो विषय डोक्यातून जाईना. दाजी म्हणतात त्यात तथ्य नाही असंही नाही. मग ‘रानडे’ म्हणजे नक्की काय, ती कुठून आली, साठ वर्षांत तिने काय केलं आणि आमच्यासारख्या एमआयडीसीतल्या माणसांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. पोस्ट लांब आहे. गुरुवारी वाचलीत तरी चालेल, आपल्याकडे सुट्टी गुरुवारीच असते.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी थोडी ओळख देतो. मी तळवड्याचा. टूलरूममध्ये उमेदवारी केली, मग क्वालिटीत आलो, अजून तिथेच आहे. मधली सहा-सात वर्षं नोकरी सांभाळून एका दैनिकाला निगडी-तळवडे भागातल्या बातम्या द्यायचो. रानडेत मी शिकलेलो नाही, तिथल्या व्हरांड्यात फार तर चार-सहा वेळा उभा राहिलो असेन. त्यामुळे हे सगळं कुंपणाबाहेरून बघितलेलं आहे, हे धरूनच वाचा.

सुरुवात नावापासून करतो, कारण त्यात एक गंमत आहे आणि ती पुण्यातल्याही फार लोकांना माहीत नसते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या या वास्तूला आपण ‘रानडे’ म्हणतो आणि पत्रकारितेचा विभाग समजतो. पण संस्था मुळात पत्रकारितेसाठी काढलेलीच नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या स्मरणार्थ गोपाळ कृष्ण गोखले आणि मंडळींनी वर्गणी गोळा करून जी संस्था उभी केली, ती होती औद्योगिक आणि आर्थिक अभ्यासासाठी. या देशात कारखाने कसे निघतील, कोणता धंदा कुठे चालेल, त्यासाठी लागणारं ज्ञान कसं मिळवायचं, असे विषय. रानड्यांचा स्वतःचा ध्यासही तोच होता. १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांनी जे व्याख्यान दिलं त्याचं सार असं, की विलायतेतले नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, इथे उद्योग उभे राहिल्याशिवाय शेतीवरचा भार कमी व्हायचा नाही. म्हणजे बघा, ज्या माणसाने पुण्यात बसून कारखान्यांचं स्वप्न बघितलं त्याच्या नावाची संस्था फर्ग्युसन रस्त्यावर राहिली आणि कारखाने आले पिंपरी-चिंचवडला, भोसरीला, चाकणला. मधलं अंतर वीस-बावीस किलोमीटरचं. ते फक्त किलोमीटरचं नाही, पण त्याकडे नंतर येतो.

तरीही पत्रकारितेच्या विभागाला रानड्यांचं नाव शोभतं, ते दुसऱ्या कारणाने. रानडे स्वतः लिहिते होते. मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’चा इंग्रजी विभाग त्यांनी तरुणपणी सांभाळला. पुढे पुणे सार्वजनिक सभेचं त्रैमासिक निघालं त्यात दुष्काळ, जमीनमहसूल, शेतकऱ्यांचं कर्ज यांवर आकडे मांडून लेख यायचे, त्यामागेही तेच. सरकारी नोकरीत राहून सरकारलाच हिशेब विचारायचा, हे काम सोपं नव्हतं. गोखल्यांनीही त्या त्रैमासिकाचं संपादन केलं आणि आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू लिहिली. आज ज्याला ‘डेटा जर्नलिझम’ म्हणून वेगळा पेपर लावतात, ते ही माणसं बोरू-टाकाच्या जमान्यात करत होती. कुणी शिकवलं होतं त्यांना?

हाच तो जुना वाद. पत्रकार घडवता येतो की जन्मावा लागतो? अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेची शाळा निघाली तेव्हा संपादक लोक हसले होते. जोसेफ पुलित्झरने कोलंबिया विद्यापीठाला अशाच शाळेसाठी पैसे देऊ केले, तर विद्यापीठाला ते स्वीकारायलाही बरीच वर्षं लागली. ती शाळा १९१२ साली उघडली आणि पुलित्झर त्याच्या आदल्या वर्षीच गेला. आपल्याकडे ॲनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास अड्यारला प्रयत्न केला. अलीगढला १९३८ मध्ये वर्ग निघाले, ते फार टिकले नाहीत. टिकली ती लाहोरची. पंजाब विद्यापीठात १९४१ साली विभाग सुरू झाला, पण फाळणी झाली आणि तो विभागही निर्वासितांसारखा आधी दिल्लीत आणि नंतर चंदीगडला आला. मग मद्रास, कलकत्ता, म्हैसूर.

मराठी मुलखात पहिला मान पुण्याचा नाही. हे पुणेकरांनी मोठ्या मनाने घ्यावं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकारितेचा विभाग उभा राहिला, तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलँड वुल्सली हे प्राध्यापक तिथे येऊन राहिले, शिकवलं, आणि भारतातल्या पत्रकारितेवर एक पुस्तकही संपादित करून गेले. पुण्याला यायला त्यानंतर दहा-बारा वर्षं लागली.

खरं तर पुण्याला इतका उशीर का व्हावा? वर्तमानपत्रांचं गावच होतं हे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ पासून. १ जानेवारी १९३२ ला नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ काढला. परुळेकर कोलंबियातून डॉक्टरेट घेऊन आलेले. अग्रलेखापेक्षा बातमी मोठी, भाजीचे भाव आणि नळाचं पाणी हीसुद्धा बातमी, हे त्यांनी मराठी वाचकाला दाखवलं. पण शिकायची पद्धत एकच होती. उपसंपादकाच्या शेजारी बसायचं, तारांची भाषांतरं करायची, शिव्या खायच्या, दोन वर्षांनी तुम्ही तयार. कंपनीतली उमेदवारी यापेक्षा वेगळी नसते, म्हणून मला ती पद्धत वाईट वाटत नाही. अडचण एवढीच की शेजारी बसायला कुणाला मिळणार हे ठरलेलं होतं. ज्याचा काका किंवा शेजारी पेपरात, त्याला जागा. वाडा, पेठ, शाळा, सगळं एकच. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. जाहिरात छापली जात नव्हती, तिथे शेजारची खुर्ची कुठून मिळणार?

म्हणून मला विद्यापीठाचा विभाग ही गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्ज भरा, परीक्षा द्या, यादीत नाव आलं तर बसा. काकाची गरज नाही. मुळशीचा, बार्शीचा, गडचिरोलीचा कुणीही पोरगा-पोरगी त्या वर्गात येऊ शकते. माझ्या मते रानडेचं सगळ्यात मोठं काम अभ्यासक्रमात नाही, या दारात आहे.

पुणे विद्यापीठ १९४९ चं. पत्रकारितेचा विभाग १९६४ साली सुरू झाला. दिल्लीची ती मोठी सरकारी संस्था, भारतीय जनसंचार संस्थान, निघाली १९६५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पुणं एक वर्ष आधी. त्या काळाची हवा लक्षात घ्या. पहिल्या प्रेस कमिशनचा अहवाल १९५४ ला आलेला, १९५५ ला श्रमिक पत्रकारांचा कायदा झालेला. पत्रकार हा पगार, रजा, कामाचे तास असलेला नोकरदार आहे हे कायद्याने मान्य केलं, मग त्याचं शिक्षण असावं हेही ओघाने आलं. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झालेली. राज्यकारभार मराठीत येत होता, जिल्ह्याजिल्ह्यांत दैनिकं निघत होती, माणसं लागणार होती.

आणि आमच्याकडे? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स दहा वर्षांची झाली होती. एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली आणि जमिनी जायला लागल्या. आमचे वडील सांगायचे, माणसं मोजणीवाल्यांच्या मागे शेतातून फिरत असायची आणि पेपरात मात्र ‘औद्योगिक नगरीचा उदय’ असं यायचं. म्हणजे विभाग आणि कारखाने एकाच दशकातले, अगदी पाठोपाठचे. पण दोघांची ओळख व्हायला फार वेळ लागला.

सुरुवातीच्या काळातलं नाव म्हणजे प्रा. ल. ना. गोखले. जुनी माणसं भेटली की हे नाव निघतंच. पदवीनंतर एका वर्षाचा अभ्यासक्रम, त्यात बातमी लिहिणं, संपादन, मांडणी, कायदा, इतिहास. शिकवायला विभागाचे लोक आणि बाहेरून येणारे कामातले पत्रकार. खिळे जुळवायचा काळ होता. मथळ्याची अक्षरं मोजून बसवायची, कारण शिसं रबरासारखं ताणता येत नाही. मी भेटलेला त्या काळचा प्रत्येक माणूस आजही मथळा वाचताना बोटावर अक्षरं मोजतो.

पुढची वाढ भराभर सांगतो. नुसत्या ‘वृत्तपत्रविद्ये’ला ‘संज्ञापन’ हा शब्द जोडला गेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो एखाद्या सरकारी फॉर्मचा वाटला होता, पण त्यामागे विचार होता. पुण्यात आकाशवाणी १९५३ पासून होती, १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वर्षभरात पुण्यातही दिसू लागलं. पेपर हे आता एकटं माध्यम राहिलं नव्हतं. पदव्युत्तर अभ्यासक्रम आला, संशोधन आलं. याच विभागात शिकवणाऱ्या केवल कुमारांचं भारतातल्या जनसंज्ञापनावरचं इंग्रजी पुस्तक १९८१ ला आलं आणि देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात गेलं. किरण ठाकूर यूएनआयसारख्या वृत्तसंस्थेतली बातमीदारी करून मग विभागात आले आणि प्रमुख झाले. एका बाजूला पुस्तक लिहिणारा अभ्यासक, दुसऱ्या बाजूला तारेवर बातमी मारणारा बातमीदार. शाळेत दोन्ही लागतात. नुसता दुसरा असला तर शाळेचा कारखाना होतो, नुसता पहिला असला तर मुलं सिद्धांत सांगतात आणि त्यांना पंचनामा वाचता येत नाही.

मग २००७-०८ ला मराठी वृत्तवाहिन्यांचा पूर आला. स्टार माझा, झी चोवीस तास, आयबीएन लोकमत, सगळं वर्ष-दीड वर्षात. एकदम शेकडो पोरं हवी होती. त्याच सुमारास पुण्यात खासगी संस्थांचे अभ्यासक्रमही वाढले. सिम्बायोसिसचं तर १९९० पासूनच होतं. विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात माध्यमांचा दुसरा एक विभाग होताच, व्हिडिओ-फिल्मकडे जास्त कल असलेला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने घरी बसून पत्रकारिता शिकायची सोय केली, आणि तालुक्याच्या गावातले कितीतरी वार्ताहर त्यावर ‘शिकलेले’ झाले. त्यांना हसू नका. दिवसा दुकान, संध्याकाळी बातमी आणि रात्री स्वाध्याय लिहिणारा माणूस मी बघितलाय. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यासक्रम होता. तिथे शिकताना नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे पुण्याची मक्तेदारी संपली, आणि ते फार बरं झालं.

आता माझं. नव्वदचं दशक. तळवडे तेव्हा ग्रामपंचायत होतं, महापालिकेत आम्ही १९९७ ला गेलो. मी बातमी हाताने लिहून पाकीट घेऊन पिंपरीला टाकायला जायचो. मानधन छापून आलेल्या सेंटिमीटरवर. महिन्याच्या शेवटी पट्टी घेऊन कात्रणं मोजायची. क्वालिटीतला माणूस असल्याने मोजमाप चोख, पण पैसे कधी वेळेवर आले नाहीत. कुठल्या पेपरचे ते सांगत नाही.

एकदा एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर एका कामगाराची बोटं गेली. आपल्या पट्ट्यात हे नवीन नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबायची सोय असते, माल जास्त निघावा म्हणून एक बटण बांधून ठेवतात, सेन्सर बंद करतात, आणि मग एक दिवस हात आत असताना स्लाइड खाली येते. मला हे सगळं माहीत होतं. मी त्याच धंद्यातला. तरी मी काय केलं, तर कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावला, तो म्हणाला कामगाराचं लक्ष नव्हतं, आणि मी लिहिलं: ‘निष्काळजीपणामुळे एका परप्रांतीय कामगाराची तीन बोटे तुटली.’ आठ ओळी.

पिंपरीच्या कचेरीत तेव्हा एक ज्येष्ठ बातमीदार बसायचे, रानडेत शिकलेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही भेटलात का त्याला?"

"नाही सर. दवाखान्यात होता."

"मग निष्काळजी होता हे कुणी सांगितलं?"

"कंपनीने."

"कंपनीने सांगितलं असं लिहिलंय का यात?"

नव्हतं लिहिलं. मग त्यांनी दहा मिनिटं काढून मला जे सांगितलं, ते नंतर कळलं की पत्रकारितेच्या कुठल्याही शाळेत पहिल्या महिन्यात सांगतात. कोण म्हणालं ते वाक्यात असलं पाहिजे. ज्याच्यावर ठपका येतो त्याला विचारलं पाहिजे. कारखाना निरीक्षकाचं म्हणणं घ्या. मशीनला गार्ड होतं का विचारा. आणि सगळ्यात शेवटी म्हणाले, "परप्रांतीय हे काय नाव आहे का माणसाचं?"

मी दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून दवाखान्यात गेलो. त्याला सोडलं होतं. खोलीवर गेलो, रूपीनगरच्या पुढे. खोली रिकामी. शेजारणीने सांगितलं, भाऊ आला होता, गावाला घेऊन गेला. कुठलं गाव? तिला माहीत नव्हतं. बातमी त्या दिवशी छापून आली नाही, नंतरही नाही.

तर दाजी, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे. मोबाईल घेऊन कुणीही बातमी देतं, खरं आहे. मीही द्यायचो, मोबाईल नसताना. त्या चार प्रश्नांसाठी शाळा लागते. एकाने शिकून घेतलं तर तो कचेरीत बसून दुसऱ्या दहांना शिकवतो, मी त्या दहांतला एक.

पण आता रानडेकडून माझी तक्रारही सांगतो. तक्रार म्हणण्यापेक्षा इतिहासातला एक धागा म्हणा. पुण्यात कामगारांबद्दल लिहिणारं पहिलं पत्र कोणतं? ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलं. सत्यशोधक माणूस, भांबुर्ड्याचा. आणि भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर, फर्ग्युसन रस्त्याचा परिसर. आमच्या तळवड्यात भालेकर आडनावाची घरं भरपूर आहेत, नातं आहे असं मी म्हणत नाही, पण आडनाव वाचून छाती थोडी फुगते हे कबूल. पुढे पत्र चालेना तेव्हा ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेलं. लोखंड्यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना काढली आणि रविवारच्या सुट्टीसाठी भांडले. पत्र आणि संघटना, एकाच माणसाच्या दोन हातांसारखी. पत्रकारितेच्या इतिहासाच्या पेपरात ‘दर्पण’, ‘केसरी’, ‘सुधारक’ यांच्यावर पानं भरतात. ‘दीनबंधु’वर टीपा लिहा म्हणतात, पाच मार्क. हे एका विभागाचं नाही, बाजारातलं कुठलंही गाइड उघडा.

याचा परिणाम पुढे दिसतो. १९८९ चा टेल्कोचा संप आठवतो का? राजन नायर, शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेले हजारो कामगार, आणि २९ सप्टेंबरच्या पहाटे पोलिसांनी सगळ्यांना उचललं ते. मी तेव्हा आयटीआयला होतो. पुण्याच्या मधोमध कामगार येऊन बसले म्हणून पुण्याने बघितलं. ते निगडी-आकुर्डीच्या गेटवरच बसले असते तर? तेव्हा निदान कामगार हे खातं सांभाळणारे बातमीदार होते. आज पेपरात गुन्हेगारी, महापालिका, शिक्षण, आयटी, स्टार्टअप अशी खाती आहेत. कामगार नावाचं खातं कुणाकडे आहे ते मला शोधून सांगा. इकडे आमच्या गावात आयटी पार्क झाला, कॅपजेमिनीच्या आवारात सकाळी बसची रांग लागते, आणि त्याच गावात पत्र्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर बायका काम करतात.

८ डिसेंबर २०२३. तुम्हाला तारीख सांगावी लागणार नाही. केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणारी शेड. दुपारी आग लागली. आत बायका होत्या. त्यातल्या काही तिथेच गेल्या, बाकीच्या पुढचे कित्येक दिवस दवाखान्यात एकेक करत गेल्या. आम्ही धूर बघितला, कंपनीच्या गच्चीवरून. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. मृतांचा आकडा एका वाहिनीवर एक, दुसरीवर दुसरा, संध्याकाळी तिसरा. चार दिवसांनी रस्ता मोकळा. एक मुलगी मात्र परत परत येत होती. वही घेऊन, पाठीला सॅक. चौकातल्या चहाच्या टपरीवर मी विचारलं, कुठल्या पेपरची? म्हणाली, "पेपरची नाही काका, शिकतेय अजून. प्रोजेक्ट आहे." कुठे शिकते हे मी विचारलं नाही आणि आता वाटतं विचारायला हवं होतं. तिचा प्रश्न असा होता की या बायकांना रोज किती मिळायचा आणि हजेरीचा कागद होता का. जे प्रश्न वाहिनीवाल्यांनी विचारले नाहीत ते.

आता २०२१ चं प्रकरण, कारण त्याशिवाय रानडेचा इतिहास पुरा होत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बातमी आली की हा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरून हलवून गणेशखिंडच्या आवारात न्यायचा आणि तिथल्या माध्यम विभागात विलीन करायचा. करोनाचा काळ, वर्ग ऑनलाइन, आवार ओस. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी रस्त्यावर आले. फर्ग्युसन रस्त्यावरची ती जागा सोन्याच्या भावाची, त्यामुळे जागेवर कुणाचा डोळा आहे का अशी शंका उघड बोलली गेली. विद्यापीठाचं म्हणणं, दोन सारखे विभाग कशाला, एकत्र आले तर साधनं चांगली मिळतील. शेवटी तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी निर्णयाला स्थगिती दिली आणि विभाग आहे तिथेच राहिला.

मी तेव्हा या भांडणात कुणाच्या बाजूने होतो? खरं सांगायचं तर आधी कुणाच्याच नाही. मनात आलं, हलवतायत ना, मग गणेशखिंडीला कशाला, चिंचवडला आणा, मोशीला आणा. पंचवीस-तीस लाखांच्या वस्तीच्या, एवढ्या कारखान्यांच्या शहराला पत्रकारितेचा सरकारी विभाग नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने लिहिलेलं मला पटलं होतं, आणि ते असं की पत्रकारितेची शाळा बसस्टॉपच्या जवळ असावी, मोर्चा जातो त्या रस्त्याच्या जवळ असावी, चारशे एकरांच्या झाडीत नसावी. रानडेच्या फाटकातून बाहेर पडलं की शहर अंगावर येतं. परकीय भाषांचा विभागही त्याच आवारात, त्यामुळे जर्मन-जपानी शिकणारी आयटीतली पोरं आणि बातमीदार व्हायला निघालेली पोरं एकाच कट्ट्यावर चहा पितात. ही सोय कुठल्या आराखड्यात कुणी मुद्दाम केलेली नाही, ती होऊन गेलीय.

फी, जागा, शिक्षक, यावर लिहिण्यासारखं आहे, पण माझ्याकडे खात्रीचे आकडे नसताना लिहिणार नाही. तेवढं शिकलोय.

बाकी भाचीचं म्हणाल तर दाजी अजून ‘बघू’ म्हणतायत. तिने रस्ता काढून ठेवलाय. तळवड्यातून निगडीपर्यंत शेअर रिक्षा, तिथून बसने पिंपरी, पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगर, पुढे चालत. माझ्या वेळी एवढ्या अंतराला निम्मा दिवस जायचा.

काल संध्याकाळी घरी आली होती. ही पोस्ट अर्धी लिहून झालेली, तिला वाचायला दिली. प्रेसवाल्या कामगाराच्या भागाशी थांबली. म्हणाली, "मामा, त्याचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, अगं सांगितलं ना, भेटलाच नाही.

"भेटला नाही, पण कंपनीच्या हजेरीपटावर असेल ना. सुपरवायझरला विचारलं नाहीस?"

तो फोन मी केला होता तेव्हा तीन मिनिटं तरी बोललो असेन त्या माणसाशी. त्याला मी मशीनची क्षमता किती टनांची ते विचारलं होतं. चाळीस टन. ते अजून लक्षात आहे.